सोडवून घ्यायचं राहिलं

१

रविवारी आईची आंघोळ, नाश्ता आणि गोळ्या उरकल्या की इंद्रायणी कानात इयरफोन घालून जेवणाच्या टेबलाशी बसायची, ती दुपारपर्यंत कुणाला दाद द्यायची नाही. तिऱ्हेकर घराण्याचा कुळवृत्तांत छापायचं घाटत होतं. तिच्या वडिलांचे चुलतभाऊ कमलाकरकाका त्याचे कर्तेधर्ते. सोलापूर शाखेची वंशावळ तपासायचं काम त्यांनी इंद्रायणीच्या गळ्यात घातलं, आणि तिनंही ते दागिना असल्यासारखं हौसेनं घालून घेतलं. एका कॉलेजच्या परीक्षा विभागात गुणपत्रिका तपासण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. दुसऱ्याची चूक सापडली की त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं.

तिचा नियम एकच होता. दोन माणसांच्या तोंडून वेगवेगळं ऐकल्याशिवाय कुणाचंही नाव वंशावळीत चढवायचं नाही, आणि त्या दोघांतलं एक माणूस घराबाहेरचं हवं. शाळेच्या दाखल्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. मास्तरांच्या कृपेनं निम्म्या तिऱ्हेकरांचा जन्म एक जूनला झाला होता. म्हणून ती गावोगावच्या म्हाताऱ्यांसमोर मोबाइल ठेवून त्यांना बोलतं करायची आणि रविवारी ते सगळं उतरवून काढायची. "बये, तू पणजोबांकडंही पुरावा मागशील," असं कमलाकरकाका म्हणायचे. मागितलाही असता तिनं.

इयरफोन लागायचे ते आईमुळं. गोदावरीबाईंचा टीव्ही पहाटे सुरू व्हायचा तो झोपेपर्यंत, कीर्तनाचं चॅनेल, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरच्यांनाही पुण्य लागावं. बाई काही बहिऱ्या नव्हत्या. शेजारच्या फ्लॅटमधली भांडणं त्यांना शब्दन् शब्द ऐकू यायची. पण टीव्ही बंद केला की त्या कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. सध्या तर त्यांना काही म्हणायचीही सोय नव्हती. इंद्रायणीच्या धाकट्या भावाची, देवदत्तची, पुढच्या सोमवारी पुण्यात बायपास होती आणि बाईंच्या हातातली जपमाळ खाली पडत नव्हती.

त्या रविवारी ती मोहोळच्या काकूंचं बोलणं उतरवत होती. काकूंच्या आवाजामागं काहीतरी वाजत होतं. सर्र, सर्र, फट्. सर्र, सर्र, फट्. थोड्या वेळानं तिला ओळख पटली. कुणीतरी सुपात धान्य पाखडत होतं. तिला जरा नवल वाटलं, कारण त्या दुपारी काकूंच्या घरात त्या दोघींशिवाय चिटपाखरू नव्हतं. मग तिनं स्वतःलाच समजावलं, मोहोळ म्हणजे बाजारपेठेचं गाव, असेल मागं कुणाचं धान्याचं दुकान.

काकू सांगत होत्या, "गोदावरीला तीन झाली, ती तिन्ही गेली बग. मग देवदत्त. त्यो तेवढा ऱ्हायला."

त्यावर इंद्रायणीचंच हसू ऐकू आलं. "आणि मी गं काकू?"

काकू गप्प झाल्या. त्याबरोबर मागचं पाखडणंही थांबलं, कान देऊन ऐकावं तसं. मग काकू म्हणाल्या, "तू हायेस की. च्या घे, निवतोय." आणि सूप पुन्हा सुरू झालं.

तिनं तेवढा भाग मागं नेऊन नेऊन ऐकला. काकू बोलत होत्या तेव्हा सूप चालू होतं. त्या गप्प झाल्या की तेही गप्प होत होतं. दुकानात पाखडणाऱ्या बाईला काकूंच्या गप्प बसण्याशी काय देणंघेणं? तिनं वहीत 'मागे आवाज' असं लिहिलं आणि पुढं काही न सुचून उठून कुकर लावला.

२

काकूंना फोन केला तर त्यांनी उडवून लावलं. "म्हातारं डोस्कं गं माजं. इसरले आसंन." पण ज्या बाईला दिराच्या मांडवातल्या आहेराच्या साड्यांचे रंग आठवत होते, ती अंगाखांद्यावर खेळवलेली पुतणी कशी विसरेल? इंद्रायणीला ते पटलं नाही. चूक सापडली होती, आणि सापडलेली चूक सोडून देणं तिच्या रक्तात नव्हतं.

तिनं घराबाहेरचा साक्षीदार गाठला. या फ्लॅटमध्ये यायच्या आधी तिऱ्हेकर मंडळी ज्या चाळीत राहायची, तिथं समोरच्या दारात जमीलाचाची राहायच्या. आता त्या मुलाकडं, शाकीरकडं, सात रस्त्याजवळ एका मोबाइलच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर असायच्या. चाचींनी तिला जवळ ओढून गालावरून हात फिरवला. शाकीरच्या बायकोनं शेवयांची खीर आणून ठेवली आणि ती आत गेली. इंद्रायणीनं मोबाइल मध्ये ठेवला. मुद्दाम आडून विचारलं, "चाची, आमच्या घरातली मुलं सांगा बघू. पहिल्यापासून."

"तीन तो नन्हेच गुजर गए बेटी. त्याच्यानंतर तुमचा देवा." चाचींनी चौथं बोट मिटलं आणि पाचवं तसंच उघडं राहू दिलं.

"आणि मी?"

"तू तो केराबाईकी है ना," चाची सहज म्हणाल्या. मग इंद्रायणीच्या तोंडाकडं बघून त्यांचा हात हळूहळू खाली आला. "या अल्ला. तुझ्या माँनं सांगितलं न्हाई तुला?"

मग त्यांनी सांगितलं. तीन लेकरं गेल्यावर इंद्रायणी झाली, तेव्हा चाळीतल्या बायका म्हणाल्या, हिला विकून टाका. विकलेल्या लेकराकडं मौत बघत नाही, दुसऱ्याचं समजून पुढं जाते. चाळीच्या टोकाला केराबाई राहायची. धान्याच्या दुकानात पाखडायचं काम करायची, तिची सगळी लेकरं जगली होती. बाळंतिणीच्या उंबऱ्यावर इंद्रायणीला सुपात ठेवलं, केराबाईनं पसाभर कोंडा मोजला आणि सूप उचललं. सौदा झाला. लेकरू आईच्याच घरात राहिलं, पण मालकी गेली.

"आमच्यात पण करायचे पहिले," चाची म्हणाल्या. "नाम का सौदा असतो गं. साल झालं की खण-नारळ द्यायचा, 'माझी लेक मला परत दे' बोलायचं, बस. दस मिनट का काम."

"मग ते झालं नाही का?"

"सालच्या आत तुझा भाऊ झाला. लाल-लाल, तंदुरुस्त. तुझी माँ डरली. बोलली, ह्या सौद्यानं माझा पोरगा जगला, मी मोडणार न्हाई. केराबाई दर साल दारात यायची. रोती थी बिचारी. 'बाई, लेकरू तुमचं हाय, सोडवून घ्या, माज्या जिवाला घोर लागलाय' बोलायची. अन् गोदावरी बोलायची, 'पुढच्या वर्षी बघू.' फिर एक साल केराबाई मर गई. तू शाळेत पण जात नव्हती तवा."

इंद्रायणीच्या हातातली वाटी तशीच राहिली. "पण चाची, मला मोजत का नाही कुणी?"

"गोदावरीनं कसम घातली होती सगळ्यांना. तुला घरात मोजायचं न्हाई. मोजलं की सौदा मोडतो, बोलली." चाचींनी पदर डोळ्यांना लावला. "आदत हो गई बेटी. माफ कर."

जिना उतरताना इंद्रायणीला हसू आलं. काय एकेक खुळं असतात लोकांची! तिनं रिक्षात बसून रेकॉर्डिंग लावलं. सर्र, सर्र, फट्. खाली मोबाइलचं दुकान, वर शाकीरचा संसार, समोर सात रस्त्याची वाहनं. त्या खोलीत धान्याचा दाणा नव्हता. आणि आता सूप काकूंकडं होतं त्यापेक्षा जवळ होतं, चाचींपेक्षाही जवळ. तिचा स्वतःचा आवाज मात्र दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा बारीक येत होता.

३

माइक खराब असणार, दुसरं काय. तिनं ते रेकॉर्डिंग देवदत्तला पाठवलं. तो कॉम्प्युटरमधला माणूस, त्याला कळेल. जुन्या भानगडी त्याच्या डोक्यात नकोत म्हणून फक्त सुरुवातीचा तुकडा पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, यात तू कुठं आहेस?"

"अरे, प्रश्न मीच विचारतेय की."

"प्रश्न ऐकूच येत नाही. चाची एकट्याच बोलतायत. आणि कुणीतरी तांदूळ की काय पाखडतंय. तू पाखडत बसली होतीस का तिथं?" तो हसला, मग दम लागून थांबला. "बरं ऐक, सोमवारी तू नाही आलीस तरी चालेल. आई म्हणाली, ताईला दवाखान्यात बोलवू नकोस, उगाच तिची रजा जाते."

"आईनं सांगितलं असं?"

"चार-चारदा. का गं?"

"काही नाही. काळजी घे," इंद्रायणी म्हणाली.

त्यानंतर मात्र ती गुणपत्रिका लावावी तसं एकेक आठवून शेजारी शेजारी मांडत बसली. या घरात कधी सूप नव्हतं. तांदूळ निवडलेलेच यायचे. देवदत्तच्या लग्नात रुखवतात आलेलं शोभेचं सूपसुद्धा आईनं मोलकरणीला देऊन टाकलं होतं. देवदत्तच्या वाढदिवसाला पाट, रांगोळी, औक्षण. तिच्या वाढदिवसाला शिरा. "मुलींना ओवाळत नाहीत," असं आई म्हणायची, आणि शेजारच्या बिऱ्हाडात मुलीला ओवाळताना इंद्रायणीनं स्वतः पाहिलं होतं. तिच्यासाठी आईनं कधी स्थळ बघितलं नाही. म्हाताऱ्या आईला सोडवत नसेल आपल्याला, असं इंद्रायणी सगळ्यांना सांगत आली होती. त्यात तिला थोडा मोठेपणाही वाटायचा. आता तिला वाटलं, पत्रिकेवर 'आमची ज्येष्ठ कन्या' असं छापावं लागलं असतं, म्हणून तर नव्हे?

सौद्यावर तिचा विश्वास नव्हता. केराबाईवर नव्हता, सुपावर नव्हता. पण आईचा होता, हे तर खरं होतं. आईचा विश्वास होता की एक खण आणि एक नारळ दिला की लेक परत मिळते, आणि तरीही आईनं तो दिला नाही. एवढ्या वर्षांत नाही. जिच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळण्यात आपलं आयुष्य गेलं, तिनं आपल्याला दहा मिनिटं दिली नाहीत.  इंद्रायणी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली, कारण आईला रडणं ऐकू गेलं असतं. टीव्ही कितीही मोठ्यानं चालू असला तरी.

४

शनिवारी बाजारातून तिनं हिरवा खण आणि शेंडीचा नारळ आणला. काय करायचं ते तिनं ठरवलं होतं. रडारड नाही, भांडण नाही. आईसमोर ताट ठेवायचं. आईनं दोन वाक्यं बोलायची. वेडेपणा तर वेडेपणा, पण एकदा आईच्या तोंडून 'माझी लेक' ऐकायचं होतं. मग कुळवृत्तांतात नाव चढवायला आपण मोकळ्या.

भर दुपारी तिनं ताट आणलं तेव्हा गोदावरीबाई पलंगावर माळ ओढत होत्या. टीव्हीवर कीर्तनकार घसा फोडत होता. इंद्रायणी समोर बसली, तोच वीज गेली.

पंखा हळूहळू थांबला. रस्त्यावरही उन्हामुळं सामसूम होती. आणि स्वयंपाकघराच्या पलीकडच्या बाल्कनीतून, जिथं वॉशिंग मशीन होतं तिथून, आवाज आला.

सर्र, सर्र, फट्.

इंद्रायणीच्या कानात इयरफोन नव्हते. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला होता.  खालच्या मजल्यावर कुणीतरी असेल, असं ती मनात म्हणाली. खालच्या मजल्यावर एक एकटा बँकवाला राहायचा, तो डबा मागवून जेवायचा.

गोदावरीबाईंनी पदर दोन्ही कानांवरून ओढून घेतला. "लाइट कधी येणार आहेत? बघ जरा खाली विचारून."

"आई, तुला ऐकू येतंय?"

बाईंनी माळ भराभर ओढायला घेतली.

"आई. तुला ऐकू येतंय ना ते?"

"आजचं का आहे ते?" बाई चिडून म्हणाल्या. "तू शाळेत जायला लागल्यापासून ऐकतेय मी. चाळीतून आलो, वाटलं सुटलो. इथंही आलीच की ती मागनं."

बाहेर सूप एका लयीत चाललं होतं. घाई नाही, राग नाही. पोटापाण्याचं काम करावं तसं कुणी करत होतं. इंद्रायणीला वाटलं होतं तिला आईची दया येईल, पण तिला आली फक्त चीड. ही बाई हे रोज ऐकत होती. ऐकत होती आणि टीव्हीचा आवाज वाढवत होती.

तिनं ताट पुढं सरकवलं. "हे घे. खण आहे, नारळ आहे. म्हण, 'केराबाई, माझी लेक मला परत दे.' एवढंच म्हण."

सूप थांबलं.

ती शांतता इंद्रायणीनं ओळखली. काकूंच्या रेकॉर्डिंगमध्ये हीच होती. बाल्कनीतलं कुणीतरी कान देऊन बसलं होतं. आणि तिला स्पष्ट कळलं की तेही हेच वाक्य ऐकायला बसलंय, तिच्याइतक्याच आशेनं, तिच्याहून जास्त वर्षं.

गोदावरीबाईंचा हात नारळाकडं गेला. शेंडीला लागला. नारळ ताटात डुगडुगला.  तेवढ्यात बाईंची नजर उशीजवळच्या फोनवर गेली. फोन बंद होता, पण त्याच्या पाठीवर देवदत्तचा लहानपणीचा फोटो चिकटवलेला होता, बाळसेदार, काजळाची तीट लावलेला.

हात मागं आला.

"सोमवारी देवाचं ऑपरेशन आहे गं," त्या पुटपुटल्या.

"आई."

"आत्ता नको काही मोडायला. तेवढा सोमवार होऊ दे."

"मी पण तुझीच आहे ना?"

गोदावरीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते खरं होतं, यात शंका नाही. पण ताट त्यांनी दोन बोटांनी हलकेच तिच्याकडं ढकललं, नको असलेलं ताक ढकलावं तसं.

"सोमवार झाला की बघू," त्या म्हणाल्या.

५

इंद्रायणी उठली. टेबलावर वंशावळीचा कागद पडला होता. त्यावर 'गोदावरी' या नावाखालची जागा तिनं शेवटपर्यंत कोरी ठेवली होती, कारण स्वतःच्या बाबतीतही नियम मोडायचा नाही असं ठरवलं होतं. आता दोन साक्षी झाल्या होत्या. एक घरातली, एक बाहेरची. तिसरी खुद्द आईची. तिघींचं म्हणणं जुळत होतं. तिनं पेन घेतलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'देवदत्त'. खाली रेघ मारली. अक्षर जराही हललं नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

बाल्कनीत अजून शांतता होती. मग एक वेगळा आवाज आला. कुणीतरी तळहातानं फरशी झाडत होतं, बसायला जागा करत होतं.

खण-नारळाचं ताट उचलून ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याशी कोंडा उडाला होता, बारीक, पिवळसर, उन्हात तरंगणारा. तिच्या पायांच्या तळव्यांना तो लागला. वॉशिंग मशीनच्या पलीकडं सुपाची एक कड दिसत होती, वापरून वापरून काळी पडलेली. तिच्यामागं मांडी घातलेला गुडघा, त्यावर विटलेलं लुगडं. हात तेवढा पूर्ण दिसला. मनगटावर हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. त्या हातानं शेजारची फरशी पुन्हा एकदा पुसली आणि त्या जागेवर हळूच थोपटलं, झोपायला न येणाऱ्या पोरीला बोलवावं तसं.

खालच्या मजल्यावर बँकवाला राहतो, इंद्रायणी मनात म्हणाली. पण ते वाक्य तिला स्वतःलाच बारीक ऐकू आलं, दुसऱ्या खोलीतून यावं तसं.

"आई," तिनं मागं वळून हाक मारली. एकदाच. अजूनही वेळ होता. दार उघडं होतं, तिथून पलंगाची कड दिसत होती आणि जपमाळेचा लोंबता गोंडा.

वीज आली. पंखा फिरला, फ्रिज गुरगुरला, टीव्हीवर कीर्तन जिथं तुटलं होतं तिथून पुढं सुरू झालं. पलंगावरचा हात हलला. गोदावरीबाईंनी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.